जिभेचे व्यायाम: कुणाला हवेत, कुणाला नकोत

"जीभ जड आसा तेची, म्हणान साफ बोलना नाय." मूल उशिरा बोलायला लागलं किंवा बोबडं बोलत राहिलं की कुडाळ-मालवणकडच्या घरात कुणीतरी वडीलधारं हे म्हणतंच. मागोमाग उपाय येतात. वेखंड उगाळून जिभेला लाव, शंख फुंकायला शिकव, जत्रेतून पिपाणी आण. हल्ली त्यात मोबाइलवरच्या व्हिडिओंची भर पडली आहे: जीभ नाकाला लावा, गाल फुगवा, स्ट्रॉने ओढून कागदाचे कपटे उचला, मूल महिन्याभरात स्पष्ट बोलेल. अशा व्यायामांचे संच ऑनलाइन मिळतात आणि पालक पोटाला चिमटा काढून ते घेतातही.

त्याच घरात आजोबा असतात. लकवा येऊन गेलेला, चहा पिताना ठसका लागतो. त्यांच्याही हातात कुणीतरी तसाच कागद देतं: जीभ बाहेर, जीभ आत, ओठांचा चंबू, प्रत्येक दहा वेळा.

मी वाचा उपचाराचं काम करते. "हे व्यायाम करायचे की नाही?" हा प्रश्न मला सतत विचारला जातो. नातवाला आणि आजोबांना एकच उत्तर देता येत नाही. पण उत्तर कसं काढायचं ते कुणालाही समजण्यासारखं आहे, आणि ते घरच्यांना ठाऊक असणं फार गरजेचं आहे.

### ओरल मोटर थेरपी म्हणजे नेमकं काय

ओठ, जीभ, गाल, जबडा आणि टाळू यांच्या हालचाली, ताकद किंवा स्पर्शाची जाणीव सुधारावी म्हणून करून घेतलेले व्यायाम म्हणजे ओरल मोटर थेरपी. त्यात बऱ्याच भिन्न गोष्टी एकाच नावाखाली येतात. शिट्टी वाजवणं, फुगा फुगवणं, जीभ डावी-उजवीकडे हलवणं, गालाला आतून ब्रशने चोळणं हे त्यातच. लकव्यानंतर जीभ टाळूवर जोराने दाबायचा व्यायामही त्यातच. कमी दिवसांच्या बाळाच्या ओठांना, हिरड्यांना ठरावीक पद्धतीने केलेला स्पर्शही त्यातच.

निम्मा गोंधळ इथेच होतो. "ओरल मोटर थेरपी उपयोगी आहे का?" हा प्रश्न "गोळी उपयोगी आहे का?" यासारखा आहे. कुठली, कुणाला, कशासाठी, हे विचारल्याशिवाय पुढे जाता येत नाही.

### बोलायला ताकद किती लागते?

आपल्याला वाटतं त्यापेक्षा खूपच कमी. ओठांत जास्तीत जास्त जितकं बळ असतं, त्याच्या साधारण १० ते २० टक्के बळ बोलताना वापरलं जातं. जबड्याचंही जवळपास तसंच. म्हणजे थोडी कमजोरी असली तरी बोलण्यापुरतं बळ बहुतेकांकडे शिल्लक असतं. बोलण्यात कस लागतो तो वेग, नेमकेपणा आणि वेळ साधण्याचा. "टपाल" म्हणताना जीभ वर वळते, खाली येते, ओठ मिटतात, उघडतात, जीभ पुन्हा वर जाते, आणि हे सगळं अर्ध्या सेकंदाच्या आसपास उरकतं.

समुद्रावर रापण, म्हणजे किनाऱ्यावरून ओढायचं मासेमारीचं मोठं जाळं, ओढणाऱ्या माणसाचे हात बघा. दोरखंड ओढून ओढून मनगटं लोखंडासारखी झालेली असतात. पण तेवढ्यावर त्याला भजनात पखवाज वाजवता येईल का? हात तेच, बोटंही तीच, तरी पखवाज शिकायचा तर पखवाजावरच बसावं लागतं. बोलणं हे पखवाजाचं काम आहे. गिळण्यात मात्र काही ठिकाणी खरंच रापण ओढावी लागते. व्यायाम कुणाला लागू पडेल हे ठरवताना माझ्या डोक्यात पहिला प्रश्न हाच असतो: या माणसाची अडचण रापणीची आहे की पखवाजाची?

हे नुसतं म्हणण्यापुरतं नाही. साधारण सव्वा वर्षाच्या मुलांच्या जबड्याच्या स्नायूंवर इलेक्ट्रोड लावून संशोधकांनी १९९६ साली नोंदी घेतल्या. चघळताना आणि बडबड करताना तेच स्नायू वेगवेगळ्या पद्धतीने एकत्र काम करताना दिसले. जबडा एकच असला तरी मेंदू त्याला दोन वेगळे हुकूम देतो. म्हणून "आधी चावणं-फुंकणं पक्कं होऊ दे, त्यातून बोलणं येईल" हा जिना, ऐकायला कितीही पटला तरी, प्रत्यक्षात तसा नाही.

### "काका"ला "ताता" म्हणणारं मूल

साडेचार वर्षांचं एक मूल डोळ्यांसमोर आणा. ते काकाला "ताता" म्हणतं, कपाला "तप", गाडीला "दाडी". आई म्हणते जीभ जड आहे. आता त्याला चकली खाताना बघा. घास दाढेखाली जातो, जीभ तो गोळा करते, मागे ढकलते आणि मूल गिळतं. गिळताना जिभेचा मागचा भाग वर टाळूला लागतो. "क" म्हणताना जीभ साधारण तिथेच लागते! म्हणजे जीभ तिथे पोचते, बळही आहे. मुलाच्या डोक्यात "क" आणि "त" यांचे कप्पे अजून वेगळे झालेले नाहीत, म्हणून मागून निघणारे सगळे आवाज ते पुढे आणून टाकतं. ही भाषेची, आवाजांच्या मांडणीची अडचण झाली. अशा मुलाला जीभ नाकाला लावायला शिकवलं तर ते फार तर जीभ नाकाला लावायला शिकेल.

त्याला हवा असतो "क" आणि "त" मधला फरक. कप दाखवायचा, तप दाखवायचा, "काका आले" म्हटलं तर काका आत येणार आणि "ताता आले" म्हटलं तर दाराबाहेरच थांबणार, असा खेळ. आवाज ऐकणं, शब्दात म्हणणं, वाक्यात म्हणणं. घरात रोज पाच-दहा मिनिटं आणि थेरपिस्टकडे ठरलेल्या वेळी.

"र"चं अजून वेगळं. तीन-चार वर्षांचं मूल "रस्ता"ला "लस्ता" म्हणत असेल तर बहुतेक वेळा वाट बघायला हरकत नसते. "र" आणि "ळ" हे मराठीत उशिरा बसणारे आवाज आहेत.

आणि मूल मुळात शब्दच कमी बोलत असेल तर सगळ्यात आधी कानांची तपासणी. मला हे ठळक अक्षरांत लिहावंसं वाटतं. घरात हाक मारल्यावर वळून बघतं म्हणजे ऐकू येतं, असं धरून चालू नका. काही आवाज ऐकू येऊन काही निसटत असतील तर मूल हाकेला वळेलही आणि तरी बोलणं अर्धवट राहील. कानांची तपासणी न करता जिभेवर महिनेच्या महिने घालवलेली मुलं बघितली की जीव तुटतो.

काही मुलांना डोक्यातला शब्द तोंडाच्या हालचालींत उतरवायलाच अडचण येते. एकच शब्द दर वेळी वेगळा बाहेर पडतो. याला वाचेची अ‍ॅप्रॅक्सिया म्हणतात. स्नायू धडधाकट असतात, आखणी चुकते. अशा मुलांना सरावाची गरज सगळ्यात जास्त, पण तो शब्दांचा आणि अक्षरजोड्यांचा, पुन्हा पुन्हा, थेरपिस्टच्या समोर बसून.

### अभ्यास काय सांगतात

वैद्यकीय उपचारांचे पुरावे तपासणारी कोक्रेन ही जगभर मानली जाणारी संस्था आहे. मुलांच्या उच्चारदोषांवर, न बोलता करायच्या या व्यायामांचा फायदा होतो का, हे तिच्या आढाव्यात २०१५ साली तपासलं गेलं. निकषांत बसणारे अभ्यास निघाले तीन, सगळी मिळून मुलं २२. त्यातून व्यायामांच्या बाजूने भक्कम असं काही हाती लागलं नाही. त्याआधीच्या, २००९ सालच्या अमेरिकी आढाव्यातही पुरावा अपुराच ठरला होता.

"पुरावा नाही" आणि "उपयोग नाही हे सिद्ध झालं" या दोन वेगळ्या गोष्टी आहेत, हे मान्य. पण समोर दुसरा रस्ता असतो. आवाजांवर, शब्दांवर थेट केलेल्या उपचारांचा फायदा अनेक अभ्यासांत दिसलेला आहे. तो रस्ता असताना या आडवाटेने मुलाला का न्यायचं?

### "पण थेरपिस्टच करून घेतात की!"

घेतात, आणि फक्त आपल्याकडेच नाही. २००८ साली अमेरिकेत झालेल्या एका पाहणीत ८५ टक्के वाचा उपचारतज्ज्ञांनी हे व्यायाम वापरत असल्याचं सांगितलं. कारणं समजण्यासारखी आहेत. शिकताना तसं शिकवलेलं असतं. व्यायाम डोळ्यांना दिसतो, मूल मजेत करतं, पालकांना काहीतरी घडताना दिसतं. "ताता आणि काका" खेळताना बघून पालकांना वाटतं, हे तर आम्हीही केलं असतं, यासाठी पैसे कशाला?

एखादा थेरपिस्ट सत्राच्या सुरुवातीला दोन मिनिटं आरशासमोर जीभ कुठे लावायची ते दाखवत असेल, तर त्यात वावगं काही नाही. आवाज काढायला शिकवण्याचाच तो भाग आहे. सत्रभर शिट्ट्या, फुगे आणि ब्रशच चालत असेल, आणि मुलाच्या तोंडून शब्द जेमतेम निघत असतील, तर मात्र विचारायला हवं.

### "आमच्या पोराला तर फरक पडला"

पडलाही असेल. चौथ्या वर्षी सुरू केलेला कुठलाही उपाय पाचव्या वर्षी लागू पडल्यासारखा दिसतो, कारण त्या वर्षात मुलाचं बोलणं आपसूकही सुधारत असतं. शिवाय शंख फुंकण्याच्या निमित्ताने आजी रोज अर्धा तास मुलासमोर बसते, त्याच्याशी बोलते, त्याचं ऐकते. माझ्या मते फायद्याचा मोठा वाटा त्या अर्ध्या तासाचाच असतो.

"तोटा तर काही नाही ना?" हा पुढचा प्रश्न. तोटा वेळेचा आहे. वेंगुर्ल्याच्या एखाद्या वाडीतून आई मुलाला घेऊन एसटीने येते, दिवसाची मजुरी बुडवते, तासभर बसते आणि परत जाते. तो तास शिट्टीत गेला तर पुन्हा मिळत नाही. शाळा सुरू होण्याआधीची वर्षं उच्चार सुधारायला फार मोलाची असतात.

वेखंडाबद्दल एवढंच: जिभेला लावून बोलणं येत नाही. आणि त्यात मध मिसळून एक वर्षाच्या आतल्या बाळाला चाटवू नका. मधातून होणारी एक दुर्मिळ पण गंभीर विषबाधा इतक्या लहान बाळांना होऊ शकते.

### नाकातून बोलणं आणि फुंकण्याचे व्यायाम

जन्मतः टाळू दुभंगलेल्या मुलांचं ऑपरेशन झाल्यावरही काहींच्या बोलण्यात हवा नाकातून निसटते. त्यांना मेणबत्ती विझवायला, बासरी वाजवायला सांगण्याची पद्धत जुनी आहे. तर्क असा की फुंकताना टाळू वर जाऊन नाकाची वाट बंद होते, मग ती सवय बोलण्यात उतरेल. ती उतरत नाही. फुंकताना आणि बोलताना टाळू मिटण्याची रीत निरनिराळी असते. टाळू आखूड पडत असेल तर तो व्यायामाने लांब होत नाही. तिथे सर्जन आणि वाचा उपचारतज्ज्ञ यांनी मिळून तपासणी करून पुढची शस्त्रक्रिया लागेल का, हे ठरवावं लागतं. मुलाने चुकीच्या जागेवरून आवाज काढायची सवय लावून घेतली असेल तर ती बोलण्याच्या थेरपीने सुटते. टाळूच्या ऑपरेशननंतर टाके भरेपर्यंत सर्जनला विचारल्याशिवाय फुंकायला-चोखायला देऊ नये, हेही लक्षात असू द्या.

### गिळणं: इथे हिशेब बदलतो

आता आजोबांकडे येऊ. घास किंवा घोट गिळताना जीभ त्याला मागे ढकलते, टाळू वर जाऊन नाकाची वाट बंद करतो, स्वरयंत्र वर-पुढे सरकतं, श्वासनलिकेवर झाकण येतं, स्वरतंतू मिटतात आणि अन्ननलिकेचं दार उघडतं. घशातला हा सगळा प्रवास साधारण एका सेकंदात होतो. यात काही चुकलं की अन्न-पाणी श्वासनलिकेत उतरतं. त्याला अ‍ॅस्पिरेशन म्हणतात. ते वारंवार होत राहिलं तर न्यूमोनिया होऊ शकतो.

लकव्यानंतर सुरुवातीच्या दिवसांत साधारण निम्म्या रुग्णांना गिळायला त्रास होतो. बऱ्याच जणांचा काही आठवड्यांत कमी होतो, काहींचा राहतो. आणि काही जणांना अन्न श्वासनलिकेत गेलं तरी ठसकाच लागत नाही. ही सगळ्यात फसवी स्थिती. पाणी प्यायल्यावर आवाज ओला, गुरगुरता येणं, मधूनच येणारा ताप, जेवायला लागणारा वाढता वेळ, घटणारं वजन, या खुणा घरच्यांनी ओळखायच्या.

इथे जिभेची ताकद खरोखर कमी झालेली असू शकते, आणि ती वाढवल्याने फायदा होऊ शकतो. अमेरिकेत जोअ‍ॅन रॉबिन्स आणि सहकाऱ्यांनी २००७ साली लकव्याच्या १० रुग्णांना आठ आठवडे जिभेने दाब देण्याचा व्यायाम मोजूनमापून दिला. जिभेचा दाब वाढला, गिळतानाचा दाबही वाढला आणि पातळ पदार्थ श्वासनलिकेत जाणं कमी झालं. अभ्यास लहान आहे, तुलनेला दुसरा गट नव्हता, त्यामुळे त्यावरून डंका पिटू नये. तरी कशामुळे लागू पडलं ते बघा: स्नायूवर पुरेसा भार, तो हळूहळू वाढवत नेणं, ठरावीक आठवडे नेमाने करणं आणि दाब यंत्राने मोजणं. जीभ हवेत डावी-उजवीकडे हलवण्यात यातलं काहीच नसतं.

मान उचलण्याचा एक व्यायाम आहे, शेकर व्यायाम. उताणं झोपून, खांदे जमिनीवर टेकलेले ठेवून, डोकं उचलून पायाच्या बोटांकडे बघायचं. मूळ पद्धतीत एकेका मिनिटाचे तीन उचल, मग एकापाठोपाठ ३० उचल, दिवसातून तीनदा, सहा आठवडे. अन्ननलिकेचं वरचं दार नीट उघडत नसेल तर तो कामाचा. दार नीट उघडत असून जीभ ढकलायला कमी पडत असेल तर या व्यायामात म्हाताऱ्या माणसाची मान फुकट दुखायची. मानेच्या मणक्यांचा त्रास असलेल्यांना तर तो देऊच नये.

कंपवाताच्या रुग्णांतही असंच नेमकं उदाहरण सापडतं. दाबाची झडप असलेल्या नळीत जोराने फुंकण्याच्या व्यायामाची ६० रुग्णांवर चाचणी झाली, ती २०१० साली प्रसिद्ध झाली. चार आठवड्यांच्या सरावानंतर त्यांचं गिळणं जास्त सुरक्षित झालेलं दिसलं. म्हणजे फुंकण्याचा उपयोग आहे, पण झडपेचा भार ठरवून आणि गिळण्यासाठी. त्याच रुग्णाचा पुटपुटता आवाज सुधारायला वापरली जाणारी सगळ्यात नावाजलेली थेरपी मोठ्याने बोलण्याची आहे: महिन्याभरात १६ सत्रं, आणि प्रत्येक सत्रात मोठा आवाज.

### आजाऱ्याची पेज

व्यायामाच्या नादात जेवणाकडे दुर्लक्ष होतं, म्हणून इथे थोडं थांबते. सिंधुदुर्गात माणूस आजारी पडला की त्याच्या ताटात उकड्या तांदळाची पेज येते. पोटाला हलकी, पचायला सोपी, मायेची. पण गिळायला त्रास असलेल्या माणसाला तीच अवघड जाऊ शकते. पेजेत दोन गोष्टी असतात, पातळ पाणी आणि अख्खी शितं. उकड्याची शितं सहजी फुटत नाहीत, ती चावावी लागतात. जीभ शितं गोळा करत असते तोवर पाणी पुढे धावून घशात उतरलेलं असतं, आणि घसा अजून तयारच झालेला नसतो. ठसका तिथे लागतो.

हीच पेज मिक्सरमधून काढून सारखी दाट केली तर पुष्कळांना जमते. गुठळ्या न होऊ देता केलेली कुळथाची पिठी, लसणीचे तुकडे गाळून, हाही एक चांगला पर्याय. तिचा पोत एकसारखा असतो. मात्र पिठूळ पदार्थ लाळेने पातळ होत जातात. म्हणून घास लहान घ्यावा, तो तोंडात घोळवत बसू नये, आणि उष्टा चमचा वाडग्यात पुन्हा पुन्हा बुडवू नये.

दाटपणा अंदाजाने सांगायचा नसतो. त्यासाठी ० ते ७ अशी आंतरराष्ट्रीय मोजपट्टी आहे आणि पातळ-दाट द्रव घरीही मोजता येतो. सुई नसलेली १० मिलीची सिरिंज घ्यायची, जिच्यावरच्या ० ते १० या खुणांमधलं अंतर ६१.५ मिलीमीटर आहे अशी. खालचं तोंड बोटाने दाबून १० पर्यंत द्रव भरायचा, बोट सोडायचं, दहा सेकंदांनी पुन्हा दाबायचं. आत १ ते ४ मिली उरला तर पहिली पातळी, ४ ते ८ उरला तर दुसरी, ८ च्या वर उरला, पण थोडा तरी गळला, तर तिसरी. साधं पाणी जवळपास सगळं निघून जातं. कुणाला कुठली पातळी द्यायची ते तपासणीनंतर थेरपिस्ट ठरवेल. सरसकट सगळं दाट करून देऊ नका. दाट पाणी माणसं कमी पितात आणि शरीर कोरडं पडतं.

दातांची आणि जिभेची स्वच्छता यात फार महत्त्वाची आहे. श्वासनलिकेत गेलेल्या थेंबाबरोबर तोंडातले जंतूही फुप्फुसात जातात. अंथरुणाला खिळलेल्या माणसाचं तोंड सकाळ-संध्याकाळ स्वच्छ करणं हा कुठल्याही व्यायामाइतकाच मोठा उपचार आहे, आणि त्याला खर्च नाही.

### तोंडच उघडत नसेल तर

किनाऱ्यावर सुपारीच्या बागा आहेत, सुपारी खाणारेही आहेत, आणि गुटख्याने तर तरुण पोरांची तोंडं बंद होत चालली आहेत. गालाच्या आत पांढरे, ताठ पट्टे तयार होतात, तिखट सहन होईनासं होतं, हळूहळू तोंड उघडणं कमी होतं. या रोगातून पुढे कर्करोग होऊ शकतो. तोंडाच्या कर्करोगावर रेडिएशन घेतलेल्यांचाही जबडा असाच आखडतो. आपली स्वतःची तीन बोटं एकावर एक उभी धरून दातांमध्ये मावतात का, ही घरची ढोबळ चाचणी. मोजमापाच्या भाषेत ३५ मिलीमीटरपेक्षा कमी उघडत असेल तर जबडा आखडला असं धरतात.

इथे जबडा ताणण्याचे व्यायाम नक्की हवेत. चपट्या लाकडी पट्ट्या एकावर एक ठेवून दातांमध्ये धरायच्या आणि जमेल तशी एकेक पट्टी वाढवायची, ही साधी पद्धत अनेक ठिकाणी शिकवतात. डॉक्टरांनी तोंड तपासल्यावरच ती सुरू करावी. सुपारी चालू ठेवून व्यायाम करणं व्यर्थ आहे. रेडिएशन चालू असतानाही गिळण्याचे व्यायाम आणि तोंडाने खाणं शक्य तितकं चालू ठेवलेल्या रुग्णांना नंतर फायदा होतो असं अभ्यासांत दिसलं आहे. जेवणासाठी नळी लागली म्हणून गिळणं पूर्ण सोडून दिलं तर स्नायू काम विसरतात.

### जिथे व्यायामाने नुकसान होतं

मायस्थेनिया ग्रेव्हिस नावाच्या आजारात स्नायू वापरत गेलं की थकत जातात. सकाळी बोलणं बरं, संध्याकाळी घोगरं. जेवणाचे पहिले चार घास ठीक आणि मग ठसका. जेवणाआधी व्यायाम करून घेतले तर गिळायची ताकद जेवायच्या आधीच संपते. मोटर न्यूरॉन आजारात स्नायूंना हुकूम देणाऱ्या चेतापेशीच झिजत जातात, त्यातही जोरकस व्यायाम देत नाहीत. दुसरीकडे काही रुग्णांचे स्नायू ढिले नसून ताठ झालेले असतात, त्यांना ताकदीचा व्यायाम कसा लागू पडणार? बोलणं अडखळतं म्हणजे जीभ कमजोर, हे समीकरण इथे थेट घातक ठरतं. न्यूरॉलॉजिस्टचं निदान आधी, व्यायाम नंतर.

### लहान बाळं आणि सेरेब्रल पाल्सी

दिवस पूर्ण न होता जन्मलेल्या बाळांना नवजात विभागात प्रशिक्षित हातांनी ओठ-हिरड्यांना स्पर्श दिला तर ती लवकर तोंडाने दूध घेऊ लागतात, असं बऱ्याच अभ्यासांत दिसलं आहे. पुरावा फार पक्का नाही, पण दिशा चांगली आहे. व्हिडिओ बघून घरी करण्यातला तो प्रकार नव्हे.

सेरेब्रल पाल्सी, म्हणजे मेंदूला अगदी लहानपणी इजा होऊन हालचालींवर आलेला परिणाम, असलेल्या मुलांच्या बाबतीत मी आधी बसण्याकडे बघते. आपल्याकडे पायांवर आडवं घेऊन भरवायची सवय आहे. मान मागे कललेली असली की घास आपोआप घसरतो आणि श्वासनलिकेची वाट उघडी राहते. पाठ टेकून, मान सरळ, हनुवटी किंचित खाली, चपटा चमचा, लहान घास. एवढ्याने कित्येक मुलांचा ठसका कमी होतो. लाळ गळत असेल तरी आधी बसणं, ओठ मिटणं आणि दात यांकडे बघायचं.

### थेरपिस्टला काय विचारायचं

अडचण ताकदीची आहे हे कशावरून ठरवलं? हा व्यायाम रोजच्या कुठल्या कामासाठी आहे, कुठल्या आवाजासाठी, गिळण्याच्या कुठल्या टप्प्यासाठी? फरक पडला हे कसं मोजणार, आणि नाही पडला तर कधी बंद करणार? चांगल्या थेरपिस्टला या प्रश्नांचा राग येत नाही. "सहा आठवड्यांनी पुन्हा तपासू, तोवर अमुक इतका फरक दिसला नाही तर बदलू" असं उत्तर आलं तर निश्चिंत व्हा. "करत राहा, हळूहळू येईल" एवढंच आलं तर दुसरीकडेही दाखवा.

समोरची व्यक्ती भारतीय पुनर्वास परिषदेकडे नोंदणीकृत आहे का, हे विचारण्यात गैर नाही. मुलांसाठी राष्ट्रीय बाल स्वास्थ्य कार्यक्रमाचं पथक अंगणवाड्यांत आणि शाळांत येतं, तिथे अडचण सांगा. ते जिल्हा रुग्णालयाकडे पुढची चिठ्ठी देऊ शकतात. मुंबईला जायची वेळ आली तर वांद्र्याची अली यावर जंग संस्था १९८३ पासून वाचा आणि श्रवणाचंच काम करते आहे. गिळण्याच्या तपासणीत बेरियम मिसळलेला घास गिळतानाचा चलत एक्स-रे काढतात, किंवा नाकातून बारीक दुर्बीण घालून घसा बघतात. ती सोय प्रत्येक तालुक्याला नाही. म्हणून ठसका, ताप, घटतं वजन अशी लक्षणं असतील तर व्यायामात महिने न घालवता डॉक्टरांकडून चिठ्ठी घ्या.

जाताना माणूस घरी जेवतानाचा मोबाइलवरचा व्हिडिओ, शक्यतो बाजूने काढलेला, न्या. औषधांची यादी न्या. आणि एका डब्यात घरची पेज किंवा पिठी, जी ते रोज खातात तीच, तेवढीच दाट.